टेकिमानच्या रांगेतला मुका ट्रक

मित्रांनो, टेकिमानच्या टोमॅटो बाजारात भर उन्हात उभा असलेला, नखशिखांत निळाशार दिसणारा जुना ट्रक म्हणजे मी. दिसण्यावर जाऊ नका. त्या दिवशी माझ्यात जीव नव्हता.

माझं इंजिन समुद्रापलीकडचं, पण हौदा कुमासीच्या सुतारांनी ओडुमच्या लाकडाचा बांधला. तरुणपणी मी कोनफळं वाहिली, केळी वाहिली, एकदा तर एका सरदाराच्या अंत्ययात्रेचं अख्खं बँडपथक वाहिलं. "अड्डाईचा ट्रक ना? मग माल पोचला समजा," असं लोक म्हणायचे. पुढे नवे ट्रक आले आणि माझ्या कौतुकाला गंज चढला. माझा मालक अड्डाई मला स्वतःच चालवतो. तो तेल बदलायला विसरतो, पण सणाला रंग द्यायला विसरत नाही. आपो सणात इथे कोणीही कोणाला तोंडावर काहीही सुनावू शकतो. यंदा कोणीतरी मला 'गंजकी कढई' म्हणालं. अड्डाईच्या ते वर्मी लागलं. त्यानं रंगारी तावियाहला बोलावलं. तावियाहनं मला वरखाली रंगवलं आणि कपाळावरचं 'सावकाश पोचू' पुसून 'बघत राहा' असं लिहिलं.

काही दिवस मी कसेबसे काढले. मग एका सकाळी व्यापारी कोनादू मावशींच्या टोमॅटोच्या पेट्या चढल्या, अड्डाईनं किल्ली फिरवली, आणि काहीच नाही. दिवा नाही, भोंगा नाही, साधी टिकटिकसुद्धा नाही.

"ढकला की!" कोणीतरी म्हणालं.

"आणि रात्री रस्त्यात दिवे कोण लावणार, तुझा बाप?" कोनादू मावशी कडाडल्या. "अड्डाई, उद्या पहाटे अक्राच्या बाजारात माझा माल उतरवायची पाळी आहे. ती चुकली, तर माल रांगेच्या शेपटाला जाईल. पिकला टोमॅटो रांगेत थांबत नाही, बाबा!"

वायरमन बाफो आला. बॅटरीच्या दोन टोकांना त्यानं बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला.

"बॅटरी ठणठणीत आहे. फ्यूज गेले," तो म्हणाला. फ्यूज बदलले. मी मुकाच. "मग किल्लीचं स्विच." तेही उपसून, तपासून परत बसवलं. मग माझ्या वायरींचं आतडं बाहेर ओढलं. रागारागात अड्डाईनं दिवे, काचेवरची पुसणी, भोंगा, सगळी बटणं चालू करून ठेवली. मला दुखणं ठाऊक होतं, मित्रांनो! सांगायला तोंड नव्हतं. तिकडे हौद्यात उन्हानं तळाच्या पेट्या पाझरायला लागल्या आणि तो लाल रस माझ्या नव्या निळ्या अंगावरून ओघळू लागला.

शेवटी निदान झालं: दोष कपाळावरच्या नावाचा.

"'बघत राहा' म्हणे! सगळा बाजार बघतच उभा आहे," मावशी म्हणाल्या. "त्या रंगाऱ्याला बोलवा. जुनं नाव परत घालू दे."

तावियाह रंगाचा डबा घेऊन आला तो फुरंगटूनच. "माझ्या कामाला नावं ठेवता? असलं काम कुमासीत तरी मिळेल? एक नट कोरडा ठेवला नाही मी! बॅटरीची ती जाड पट्टी चेसिसला जिथे लागते ना, तीसुद्धा खोलली. खाली रंगाचे दोन हात दिले, वाळवले, मग परत कसली!"

बाफोचा हात थांबला.

"तावियाह," तो अगदी हळू म्हणाला, "अर्थिंगच्या पट्टीखाली रंग दिलास?"

"मग! गंज तिथेच जास्त होता."

बाफो माझ्या खाली घुसला. बोल्ट सैल करून त्यानं सुरीनं वीज अडवणारा तो रंग खरवडला. चकाकतं लोखंड दिसताच पट्टी घट्ट आवळली, आणि माझे दिवे, पुसणी, भोंगा, सगळं एकदम सुरू झालं! अड्डाई दचकून मागे गेला तो थेट टोमॅटोच्या पेटीत बसला. मावशी इतक्या हसल्या की त्यांचं डोक्याचं फडकं सुटलं. मग त्यांनी पाझरलेल्या पेट्या उतरवून तिथल्याच खाणावळवालीला दिल्या आणि स्वतः माझ्यात चढल्या. "चल. बाकीचा माल पहाटेला पोचतोय."

मित्रांनो, मला सजवा. मलाही छान दिसायला आवडतं. पण जिथे लोखंडाला लोखंड भिडायला हवं, तिथे रंग नको. आणि तेलही बघत जा. एवढंच मागणं आहे.

अड्डाईनं ते ऐकलं नाही. तो खाली वाकून बघत होता.

"तावियाह, तेवढी जागा उघडी दिसते रे. जरासा हात फिरवतोस?"

मावशींनी खिडकीतून हात बाहेर घालून तावियाहच्या हातातला डबा काढून घेतला आणि आपल्या मांडीवर घट्ट धरला. अक्रापर्यंत तो तिथेच होता.