एक्केचाळीस नंबरचा रुपया

हे गेल्याला पस्तीस दिवस झाले तेव्हा ज्ञानचंदभाऊ धुळ्याहून नाणी तपासायला आले. तोवर मी एकदाही रडले नव्हते. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या वाटचं रडून जायच्या आणि मी त्यांच्या कपबशा विसळायची. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, तसं झालं होतं. पानात पडलं की जेवायचं, वेळ झाली की दिवा लावायचा.

हे म्हणजे मोतीलाल, जळगावच्या पोस्टात सॉर्टर. आठवडाभर लोकांची पत्रं, रविवारी जुनी नाणी, एवढ्यात त्यांचं मन. त्या मनात तिसरी जागा सुंदरबाईची; ती त्यांची पहिली बायको, लग्नानंतर दोन वर्षांत काविळीनं गेलेली. माझी जागा चौथी. मला दुसरेपणावर दिलं, पंचाहत्तर सालच्या वैशाखात.

आमच्याकडे दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीच्या नावाचं काहीतरी गळ्यात घालायचं असतं. मान मिळाला की ती त्रास देत नाही म्हणे. कुणी चांदीचा टाक करतं. माझ्या सासूबाईंनी यांच्या डब्यातला राणीछाप रुपया उचलला, बाईचा चेहरा आहे म्हणून. सोनाराकडून त्याला कडी लावून घेतली आणि माझ्या काळ्या पोतीत ओवला. इंग्लंडची राणी आमच्या घरात सुंदरबाई होऊन बसली.

दुसऱ्याच दिवशी नळावर बायकांनी तो हातात धरधरून पाहिला. "हाई थोरली शे का?" एकीनं नाक मुरडलं, म्हणाली, कानामागून आली आणि तिखट झाली. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तिखट कुठून होणार! घरी येऊन मी रुपया उलटा केला, चेहरा आत, आणि पुन्हा फिरू नये म्हणून कडीला दोऱ्याचे दोन टाके घातले. त्यानंतर त्या बाजूकडे मी बघितलं नाही. पाप केल्यासारखं वाटायचं, पण सरळ काही केला नाही.

हे दर धनत्रयोदशीला तो पूजेसाठी मागून घ्यायचे. पूजेआधी खिडकीशी बसून तासभर भिंगातून पाहायचे. परत देताना एक अक्षर बोलायचे नाहीत. मी समजायची, तिची आठवण काढतायत. काढू देत बापडे. मी नजर दुसरीकडे करून टाके घालायची आणि पोत गळ्यात अडकवायची.

दहाव्याला पोत उतरली, तिच्याबरोबर रुपयाही उतरला. शिंदखेड्याला दिलेली माझी थोरली नणंद, बेबाअक्का, सव्वा महिना होईस्तोवर राहिली होती. तिनं तो चिंधीत बांधून देवळीत ठेवला. "भाऊ गया, आते तुन्हा गळामा सवतनं काय काम शे?" ती म्हणाली. "तापीमा सोडी दे." बरं म्हटलं. सगळ्यालाच बरं म्हणत होते.

ज्ञानचंदभाऊंचं धुळ्याला चांदीचं दुकान. यांची आणि त्यांची नाण्यांची दोस्ती जुनी. सगळा डबा विकायचा मी ठरवलं होतं. मला त्यातलं कळत नव्हतं आणि त्यातलं काही हवंही नव्हतं. ते पलंगावर पांढरं कापड अंथरून बसले. एकेक नाणं कडेनं धरायचं, उजेडात तिरपं करायचं, भिंग लावायचं, मग यांच्या वहीत लिहिलेल्या दर्जाशी ताडून बघायचं.

"मोतीभाऊंचा हात कडक, वहिनी. स्वतःच्या नाण्याला कधी जास्त मार्क दिले नाहीत." पुढे जाता जाता ते थांबले. "एक्केचाळीस नंबर डब्यात नाही."

मी देवळीतली चिंधी आणून दिली.

त्यांनी रुपया कापडावर ठेवला आणि मी अठरा वर्षांनी ती बाजू पाहिली. तिथे बाई नव्हती. घासलेल्या ताटासारखी सपाट चांदी होती.

"गंमत बघा," ते म्हणाले. "मागे अठराशे बासष्ट, वेलबुट्टी, सगळं कोरं. हातोहात फिरलेला रुपया दोन्हीकडून झिजतो. हा एकीकडूनच गेलाय. अंगाला घासून घासून." मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मला घातला तेव्हा कसा होता?" मी विचारलं. तो तेव्हाच झिजलेला निघावा, एवढंच मला हवं होतं. मग माझ्यावर काही येत नव्हतं.

त्यांनी वहीचं पान काढलं. बाकीच्या नाण्यांना एकेक ओळ होती. एक्केचाळीस नंबरला अख्खं पान भरलं होतं. ते वाचायला कचरले. मी म्हटलं, वाचा.

"वैशाख पंचाहत्तर. अतिउत्तम. मुकुटाखालचे केस मोजता येतात. दिवाळी अठ्ठ्याहत्तर. कानावरचे केस एक झाले. उत्तम. दिवाळी त्र्याऐंशी. डोळा नाही. मध्यम. दिवाळी अठ्ठ्याऐंशी. गाल, कपाळ सपाट. दिवाळी ब्याण्णव. नुसती कड. खराब."

म्हणजे यांना माहीत होतं. मी तिला पुसत होते आणि हे भिंग लावून, तारीखवार लिहून ठेवत होते.

"त्यांचा राग होता का माझ्यावर?"

ज्ञानचंदभाऊंनी वही मिटली. "त्र्याऐंशीत मी बोललो होतो त्यांना. असा रुपया पुन्हा मिळायचा नाही, वहिनींना दुसरा ओवून द्या, हा वाचवा. तर म्हणाले, तिच्या अंगावर झिजतोय, झिजू दे. आणि तिला काही बोलू नका. बोललात तर ती सरळ करून घालेल."

मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आतून काही आलं, आणि आला तो राग. अठरा वर्षं मी आपल्याच घरात चोरासारखी राहिले, आणि हा माणूस शेजारी बसून मला चोरी करू देत होता! एकदा बोलले असते तर काय जीभ झडली असती?

बेबाअक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "तो रुपया माले दे. परवा तापीमा सोडना शे."

मी तो मुठीत धरला.

"सोडायला यावर कुणी राहिलेलंच नाही, अक्का," मी म्हटलं. "मी पुसून टाकली तिला. तुमच्या भावाला ठाऊक होतं, आणि त्यांनी मला पुसू दिली."