साडेआठशेचा उंचवटा

"हा दुसरा उंचवटा कुठे गेला, मामा?" सरांनी आलेखाचा कागद टेबलावर सरकवला.

मामांनी चष्मा पुसून पाहिलं. सत्तावीस वर्षं ते या प्रयोगशाळेत दिव्यांखाली बाटल्या मांडून जांभळे जिवाणू वाढवत होते आणि त्यांच्यातलं रंगद्रव्य काढून देत होते. प्रकाशाच्या साडेआठशे नॅनोमीटरच्या खुणेवर डोंगर हवा होता, तिथे सपाट होतं. उलट सातशेसत्तरला टेंगूळ आलं होतं.

"तिसरी खेप बिघडली ही," सर म्हणाले. " रंगद्रव्य आहे तिथेच आहे, पण त्याच्याभोवतीचं प्रथिन उसवलंय. प्रथिनानं धरलेलं असतं तोवर ते साडेआठशेचा प्रकाश पितं. सुटलं की..."

"की सातशेसत्तर. ठाऊक आहे सर."

"मग झालं कसं?"

मामांनी दाराशी उभ्या असलेल्या मॅडमकडे पाहिलं. मामा महिनाभर रजेवर होते, तेव्हा त्यांच्या जागी मॅडम कंत्राटावर आल्या होत्या.

"मी कुणाचं नाव घेत नाही," मामा म्हणाले. "पण नव्या माणसांच्या हाती किल्ली आली आणि हे सुरू झालं."

"नाव घ्यायचं काय राहिलं मग?" मॅडम म्हणाल्या. "मी कशाला बिघडवू, मामा?"

"माझ्या डोक्यावर खापर फुटलं की काम तुमच्याकडे."

"पुरे," सर म्हणाले. "शुक्रवारी चौथी खेप. तीही गेली तर मामा भांडारात, नाहीतर मॅडमचं कंत्राट बंद. कोण ते तेव्हा ठरवू."

मामांनी पाळत सुरू केली. प्रत्येक झाकणावर आणि बाटलीवर मिळून पेन्सिलीची एक रेघ मारली. कुणी उघडलं तर रेघ जुळणार नाही. मॅडमनी फ्रीज किती वेळा उघडला, तेही मोजलं. त्याही काही कमी नव्हत्या. मामा वळले की वहीत खरडायच्या. एका खोलीत दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

रेघा सगळ्या जुळल्या. पण साबणाची बाटली लवकर संपत होती. या साबणानं जिवाणूंचा पडदा विरघळवायचा. कमी पडला तर काही सुटत नाही, जास्त झाला तर प्रथिनच उसवतं. 'घरी भांडी घासायला नेते की काय ही?' मामांना वाटलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी त्या बाटलीवरही पातळीची रेघ मारली.

अकराला त्यांनी मापून साबण घातला. मग टेबल पुसलं, नळ्या सरळ केल्या, थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि बाटली उचलली.

"मामा, थांबा! आत्ताच घातलात की."

"कोण म्हणतं?"

"हे बघा, लिहिलंय. अकरा वाजता. मागच्या खेपेलाही दोनदा घातलात. मला वाटलं, तुमची पद्धतच असेल."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"खायला उठला असतात. आत्ता उठलाय तसे."

"माझ्यावर पाळत ठेवता?"

"आणि तुम्ही काय करत होतात?"

मामांनी बाटली उजेडात धरली. साबण रेघेच्या बरोबर एक माप खाली होता. चोर धरायला मारलेली रेघ, आणि तिनं धरलं होतं त्यांनाच.

ते स्टुलावर बसले. सत्तावीस वर्षं ते अकराला साबण घालायचे आणि बाहेरच्या व्हरांड्यातला फोन वाजायचा. बायकोचा. बोलणं झालं की परत येऊन पुढचं काम. साबण घातला की नाही, हे त्यांना कधी लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं. फोन येऊन गेला म्हणजे घातला. ती गेल्याला आता चौथा महिना. आणि ते रोज फोनची वाट पाहत उभे राहत होते, स्वतःच्याही नकळत.

मामा उठून सरांच्या खोलीत गेले. मॅडम मागोमाग दारापर्यंत आल्या.

"सर, मॅडमची काही चूक नाही. साबण मीच दोनदा घालत होतो. उगाच त्यांच्यावर आळ घेतला."

"तुम्ही? असं कसं झालं, मामा?"

"विसरलो." एवढंच म्हणाले. "काम त्यांना द्या. भांडारात जायच्या आधी मी शिकवतो."

दुपारी नव्या नळ्यांत साबण मॅडमच्या हातानं पडला. मामा बाजूला हात मागे बांधून उभे होते.

"आता किती वेळ थांबायचं?" मॅडमनी वही उघडली. "तुमच्या कृतीच्या कागदात कुठेच लिहिलेलं नाही."

"घरात काय काय संपलंय, ते एका बाईचं सांगून होईपर्यंत."

मॅडम हसल्या. "म्हणजे किती मिनिटं?"

मामांनी हे कधी मोजलं नव्हतं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मीठ, काडेपेटी, दिव्याच्या वाती, तुमची गोळी, आणि येताना घाई करू नका.

"लिहा," ते म्हणाले. "सात."