वेंडेल काहीच बोलला नाही

वाफेच्या खोलीचं दार वेंडेलने बोटभर उघडलं आणि बर्फाच्या खड्यांचा कागदी पेला आत सरकवला. "चघळ आणि थुंक," तो म्हणाला, "गिळलास तर परत वजन वाढेल." आतून एक ओला, हाडकुळा हात आला आणि पेला घेऊन गेला.

हात एलिसेओचा होता. पनामाचा हा जॉकी पन्नाशीला टेकला होता. दोन्ही गुडघ्यांत मिळून शाबूत अशी जागा फार उरली नव्हती. आणि आज, जिथे बहुतेक जॉकी उभ्या जन्मात पोचत नाहीत, तिथे तो एक शर्यत बाकी ठेवून येऊन पोचला होता. वजन अर्धा किलो जास्त भरत होतं, म्हणून सकाळपासून घाम गाळत बसला होता.

वेंडेल हा जॉकींच्या खोलीतला मदतनीस. खोगीर पुसायचं, खोगीर घोड्याच्या पोटाला आवळणारे तंग तपासायचे, बूट चकाकवायचे, वजन कमी पडलं तर खोगिरात शिशाचे पत्रे घालायचे. शिवाय ट्रेनर, बायको आणि देव यांच्याबद्दलच्या सगळ्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, या कामाचा पगार मात्र वेगळा मिळत नसे. न्यू यॉर्कच्या या मैदानावर त्याची हयात गेली होती. बायकोला पुरून आला त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो कामावर हजर होता. घरी बसून कोणाचे बूट पुसणार?

त्याच्याकडे दोन जॉकी होते. एक एलिसेओ, वीस वर्षांपासूनचा. दुसरा रेमी, लुइझियानाचा पोरगा आणि वेंडेलचा जावई. आज दोघंही एकाच शर्यतीत होते. त्यावरून खोलीत सकाळपासून टवाळी चालली होती. वेंडेल, डाव्या हाताने कोणाचा तंग आवळणार आणि उजव्या हाताने कोणाचा ढिला सोडणार, असं काय काय. वेंडेलही त्यांना पुरून उरत होता. बोलण्यात त्याला कोणी हरवलं नव्हतं.

दार पुन्हा किलकिलं झालं. "आत ये. दार लाव."

वेंडेल कपड्यांनिशी वाफेत शिरला. एलिसेओ फळीवर पाय जवळ घेऊन बसला होता, ओल्या पाखरासारखा.

"घोडा रिकामा झालाय, म्हाताऱ्या."

"कोण म्हणतं?"

"माझे हात म्हणतात. डर्बीच्या आधी फिरवायला नेला की खांदे उखडायचा माझे. काल लगाम ढिली सोडली, तरी ओढेना."

त्याच्या घोड्याचं नाव कॉर्नब्रेड. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याने केंटकीची डर्बी मारली, पंधरवड्याने बाल्टिमोरची शर्यत मारली, आणि आज ही तिसरी, दीड मैलाची. तिन्ही मारल्या तर तिहेरी मुकुट. ऐकायला सोपं वाटतं. पण घोडा अवघ्या तीन वर्षांचा, म्हणजे माणसांत मोजलं तर मिसरूड न फुटलेलं पोर. पाच आठवड्यांत तीन गावं, तीन मैदानं, आणि शेवटचं अंतर असं की तेवढं तो याआधी पळालेला नसतो आणि पुढे पळण्याचा संभवही नसतो. बरं, जिंकत आलेल्याला विसावा नाही. त्याला पाडायला येणारे मात्र मधली शर्यत सोडून, पोटभर खाऊन, अंग मोकळं करून येतात. दिवसभर नांगर ओढून आलेल्या गड्याने झोप काढून उठलेल्याशी कुस्ती धरावी, तशातली गत. रेमीचा घोडा मंडे मेल हा असाच झोप काढून उठलेला.

ट्रेनरला सांगितलंस का, असं वेंडेलने विचारलं. सांगून झालं होतं. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले होते, रक्तही तपासलं होतं, सगळं स्वच्छ निघालं. घोडा लंगडत नव्हता, आजारी नव्हता. नुसता दमला होता, आणि दमणं काचेच्या नळीत दिसत नाही.

"मी सुटल्यासुटल्या पुढे काढणार," एलिसेओ हळू आवाजात म्हणाला, "आणि मग देवाच्या मिरवणुकीसारखा चालवणार. मागच्यांना वाटेल चॅम्पियन मजेत आहे, कशाला खाजवा. पण पहिल्या मैलात कोणी येऊन शेजारी चिकटलं, तर संपलं. त्याला शेजार सहन होत नाही. तो पळणार, आणि असेल नसेल ते तिथेच सांडून बसणार."

"मला कशाला सांगतोस हे? आज मी दोघांचा आहे."

"कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्याने घोड्यावर चढवणार नाही." एलिसेओने तोंडातलं पाणी पेल्यात थुंकलं. "आणि तू दिवसभर बडबडतोस, पण बोलत कधीच नाहीस."

ते खरं होतं. एका जॉकीचा शब्द दुसऱ्याच्या कानावर घालायचा नाही, हा त्या खोलीचा धर्म. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडणाऱ्याच्या हातात पुन्हा कोणी खोगीर देत नसे.

रेमी आपली पिवळी टोपी मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. मागल्या हिवाळ्यात घोड्यावरून पडून त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि ते जुळेपर्यंत सगळे ट्रेनर त्याचं नाव विसरून गेले होते. मंडे मेल मिळाला तोही दुसऱ्या कोणी नाकारला म्हणून. वेंडेलची मुलगी जोलीन सात महिन्यांची गरोदर होती. रेमी जर या उन्हाळ्यात काही करू शकला नाही, तर ती दोघं लुइझियानाला परत जाणार होती, रेमीच्या काकाच्या कोळंबीच्या होडीवर. म्हणजे मुलगीही जाणार, आणि नातवंडही वेंडेलने फोटोतच बघायचं.

बाही वाऱ्याने फडफडू नये म्हणून तिच्यावर रबर चढवायला वेंडेल त्याच्यासमोर खाली बसला.

"ट्रेनर म्हणतो, शेवटच्या वळणापर्यंत सगळ्यांच्या मागे राहा," रेमी म्हणाला. "मला पटत नाही. सासरेबुवा, म्हातारा एलिसेओ कसा आहे? त्याचा घोडा कसा आहे?"

हा प्रश्न तो प्रत्येक शर्यतीआधी विचारायचा, समोर कोणीही असो. आणि वेंडेलचं उत्तरही ठरलेलं असायचं: घोडा ना? उडतोय. तू आपला हात हलवत घरी ये, जोलीनने चिकन केलंय. मग दोघंही हसायचे.

आज ते वाक्य वेंडेलच्या जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. उडतोय म्हणावं, तर आपल्याच पोराला जाणूनबुजून खड्ड्यात ढकलल्यासारखं. खरं सांगावं, तर वाफेत बसलेल्या त्या माणसाचा गळा कापल्यासारखं. म्हणून त्याने दोन्ही केलं नाही. फडकं उचललं आणि चकचकीत बूट पुन्हा पुसायला लागला.

रेमीने क्षणभर त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग दुसरा पाय पुढे केला.

घोडे फाटकात शिरले तेव्हा वेंडेल कठड्यापाशी उभा होता. मागे माणसांचा समुद्र होता. कॉर्नब्रेडचं नाव छापलेल्या टोप्या घातलेली, अनोळखी माणसांच्या खांद्यावर हात टाकलेली माणसं. फाटक उघडलं. एलिसेओने बोलल्याप्रमाणे घोडा पुढे काढला, आतल्या कडेला घेतला आणि मिरवणूक सुरू केली. पहिल्या वळणावर सगळे त्याच्यामागे शिस्तीत चालले होते. शाळेची पोरं जशी. वेंडेलने कठड्यावर कोपर टेकले.

पलीकडच्या लांब सरळ पट्ट्यावर एक पिवळी टोपी रांगेतून बाहेर पडली.

"नको," वेंडेल म्हणाला. शेजारच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं.

पिवळी टोपी घाईत नव्हती. बाहेरच्या बाजूने आली, एलिसेओच्या रिकिबीशी रिकीब लावली आणि तिथेच राहिली. कॉर्नब्रेडने कान मागे टाकले. एलिसेओ खोगिरावर मागे कलला, लगाम छातीपर्यंत ओढली. पण ज्या पोराला डर्बीत कोणी मागे टाकू शकलं नाही ते पोर आता ऐकणार होतं थोडंच. ते पळालं. मैलभर तो रिकामा घोडा त्या भरलेल्या घोड्याच्या शेजारी पळाला आणि एक तसूही मागे हटला नाही. शेवटच्या वळणावर तो पुढे होता. सरळीला लागला तेव्हाही मान पुढे होती. लोक रडत होते, ओरडत होते. मग, शेवटच्या फर्लांगात, त्याचे पाय तेवढेच पडत राहिले आणि जमीन मात्र कमी कापू लागले.

मंडे मेल अर्ध्या घोड्याच्या लांबीने जिंकला. इतकी माणसं एकदम गप्प होतात तेव्हा काय होतं ते वेंडेलने त्या दिवशी ऐकलं. लांबवर कुठेतरी पोलिसाचा घोडा फुरफुरला, तोसुद्धा ऐकू आला.

जावई जिंकला होता. आनंद कुठून सुरू करावा, ते त्याला कळेना.

हरलेले आधी परततात. एलिसेओ उतरला, घोड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला, खोगीर सोडलं आणि ते कवेत घेऊन काट्यावर उभा राहिला. वजन झालं की खोगीर मदतनिसाच्या हातात द्यायचं, अशी रीत. वेंडेलने दोन्ही हात पुढे केले. एलिसेओ काट्यावरून उतरला. चेहरा धुळीने माखलेला, फक्त चष्म्याच्या जागी दोन स्वच्छ गोल.

"पोराने छान चालवला," तो म्हणाला, अगदी सभ्यपणे. आणि खोगीर स्वतःच घेऊन वेंडेलच्या हातांशेजारून निघून गेला.

वेंडेलचे हात तसेच राहिले. मनात वाक्य तयार होतं: मी एक अक्षर बोललो नाही. शपथेवर सांगता आलं असतं. खोलीत जाऊन सांगायचं, त्याने ठरवलं. सगळ्यांसमोर सांगायचं.

तेवढ्यात फुलांतून, फोटोंतून सुटून रेमी आला. त्याने वेंडेलला मिठी मारली, इतकी घट्ट की दोघं हलले.

"सासरेबुवा, तुमच्यामुळे."

"मी काय केलं?"

"मी विचारलं आणि तुम्ही पुसलेला बूट पुसायला लागलात." रेमी त्याच्या कानाशी हसत होता, रडतही होता. "आजवर तुमच्या मते न उडणारा एक तरी घोडा झालाय का? आज काहीच बोलला नाहीत. तेव्हाच म्हटलं, ट्रेनर गेला खड्ड्यात."

वेंडेलने त्याच्या पाठीवर थोपटलं. जोलीनला फोन कर, म्हणाला.

खोलीत एलिसेओ कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. मांडीवर खोगीर, पुढ्यात बादली, आणि तो स्वतः तंग धूत होता. त्याला सवय नव्हती. साबण जास्त झाला होता, पाणी गढूळ झालं होतं. बाकीचे जॉकी दुसरीकडे बघत कपडे बदलत होते. वेंडेल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. ते वाक्य अजून खरं होतं. प्रत्येक शब्द खरा होता. पण आता ते त्याच्या तोंडातून निघेना.

त्याने वाकून बादली उचलली, मोरीत ओतली, गरम पाण्याने भरून आणली.

एलिसेओने मान वर केली नाही. बादली ठेवायला जागा व्हावी म्हणून त्याने फक्त पाय जरा मागे घेतले.