दोन साक्षींमधला तारा

मित्रांनो, वेधशाळेच्या तळमजल्यावरच्या लांब व्हरांड्यात, अगदी टोकाला, ठिगळे लावलेली रजई पांघरून बसलेली एक लोखंडी पेटी तुम्हाला दिसेल. येणारे-जाणारे हसतात. "हिला काय हिवताप झालाय का?" असे विचारतात. ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना वर्णपटलेखक आहे. मला ताप नाही. पण ही रजई माझ्या अंगावर का आहे, ते ऐकण्यासारखे आहे.

आधी माझे काम सांगतो. दुर्बीण ताऱ्याचा प्रकाश गोळा करते आणि मी तो उलगडतो. माझ्या तोंडाशी केसासारखी बारीक फट आहे. तिच्यातून प्रकाश आत येतो, काचेच्या लोलकातून जातो आणि जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत रंगांचा एक पट्टा होऊन फोटोच्या काचेवर उमटतो. त्या पट्ट्यात मध्ये मध्ये बारीक काळ्या रेषा असतात. खरी गोष्ट त्या रेषांमध्येच आहे. चुलीच्या ज्योतीत मिठाचा कण पडला की ज्योत पिवळी होते, हे तुम्ही पाहिले असेल. ती मिठातल्या सोडियमची खूण. अगदी त्याच जागी, काळ्या रेषेच्या रूपात, ती खूण मला ताऱ्याच्या पट्ट्यात दिसते. कोणी ताऱ्यावर गेले नाही, कोणी तिथून चिमूटभर माती आणली नाही, तरी तिथे सोडियम आहे, लोखंड आहे, कॅल्शियम आहे, हे इथे बसून कळते.

आणखी एक गंमत आहे. तारा आपल्यापासून दूर जात असला तर त्याच्या साऱ्या रेषा किंचित तांबड्या बाजूला सरकतात, जवळ येत असला तर जांभळ्या बाजूला. पण सरकल्या हे ठरवायचे कशावरून? त्यासाठी माझ्याजवळ साक्षीचा दिवा आहे. लोखंडाच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवायची आणि तिचाही प्रकाश माझ्यातून त्याच काचेवर उमटवायचा. हे लोखंड खोलीतच असते, ते कुठे जात नाही की येत नाही. म्हणून त्याच्या रेषा म्हणजे मोजपट्टी. ताऱ्याच्या पट्ट्याच्या वर एक साक्ष, काम सुरू करण्याआधीची. आणि खाली दुसरी साक्ष, काम संपल्यानंतरची. ही दुसरी साक्ष लक्षात ठेवा.

माझा लोलक एका म्हाताऱ्या भिंगकाराने घडवला. वितळलेली काच त्याने इतकी सावकाश निवू दिली की शेजारच्यांना वाटले, हा माणूस तिला विसरलाच. "काचेला घाई केलेली कळते," तो म्हणायचा, "आणि ती मनात ठेवते." मग महिनोन्महिने घासणे चालले. शेवटी त्याने मला लोखंडी पेटीत बसवले आणि माझ्या नव्या मालकाला, म्हणजे सरांना, एवढेच बजावले, "याला हवेतला बदल सोसत नाही. थंडी पडली की हा आकसतो. केसाच्या शंभराव्या भागाएवढा आकसेल, पण तेवढ्यानेही रेषा जागा सोडतील."

सरांनी मला घुमटाखालच्या खोलीत बसवले. वरच्या दुर्बिणीतून आरशांच्या वाटेने प्रकाश खाली माझ्यापर्यंत येई. मग सरांच्या पत्नींनी, ज्यांना सगळे काकू म्हणत, माझ्या मापाची रजई शिवली. जुन्या चादरी, सरांचा विटलेला लोकरी कोट, उशीतला कापूस, असे सगळे तिच्यात गेले. ती पांघरली की बाहेर हवा कशीही बदलो, मी आतून एकसारखा राहत असे.

"यंत्राला रजई, आणि माझ्या अंगावर विरलेली शाल," काकू म्हणायच्या.

"अगं, तुला थंडी वाजली तर तू बोलतेस. हा बोलत नाही, खोटी साक्ष देतो," सर म्हणायचे.

माझी कामाची वर्षे चांगली गेली. म्हाताऱ्या ताऱ्यांचे आणि कोवळ्या ताऱ्यांचे पट्टे मी उलगडले. दूरच्या दीर्घिका तर इतक्या मंद असत की एकीच्या पट्ट्यासाठी रात्रीमागून रात्री तीच काच उघडावी लागे. कोट्यवधी ताऱ्यांचा मिळून तो एवढासा उजेड, आणि रेषा तांबड्याकडे खूप सरकलेल्या. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा फटीतून जाते, या विचाराने मी गप्प होत असे.

सरांचा जीव मात्र एका ताऱ्यात अडकला होता. साधाच तारा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. तरुणपणी सरांनी जाहीर केले होते की या ताऱ्याला न दिसणारा एक जोडीदार आहे. दोघे एकमेकांभोवती फिरतात, म्हणून तारा कधी जवळ येतो, कधी दूर जातो. मोठ्या लोकांनी ते हसण्यावारी नेले. "तारा हलत नाही, तुमचे यंत्र हलते," ते म्हणाले. तेव्हा सरांकडे दुसरेच यंत्र होते आणि ते कामाच्या आधी एकदाच साक्ष घेत. दोन साक्षींचा नियम त्यांनी त्या अपमानानंतर केला. पुढे ते तो प्रत्येक विद्यार्थ्याला घोकून घेऊन शिकवत. पण तो तारा त्यांनी सोडला नाही.

"आयुष्यभर त्या ताऱ्याचा जोडीदार शोधताय," काकू टोमणा मारायच्या. "घरातल्या जोडीदाराकडेही बघा की कधी दुर्बिणीतून!"

सर थकले, त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला, तेव्हा ते काम त्यांच्या विद्यार्थिनीकडे गेले. वेधशाळेत सगळे तिला ताई म्हणत, मीही म्हणतो. ताई शिस्तीची. पण तिच्या मनात एक इच्छा घट्ट बसली होती. सर आहेत तोवर सरांचे म्हणणे खरे ठरावे. डॉक्टरांनी फार दिवसांचा भरवसा दिलेला नव्हता.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात सरांनी हट्ट धरला, "मला एकदा त्या ताऱ्यापाशी बसू दे." ताईने त्यांना माझ्या खोलीत आणले. फटीवर ताऱ्याचा ठिपका स्थिर ठेवावा लागतो, तिथे त्यांना खुर्ची दिली. डोळ्यांना फारसे दिसत नव्हते, पण ते भिंगाला डोळा लावून बसले आणि लहान मुलासारखे हसले. थोड्या वेळाने त्यांचे दात वाजू लागले. ताईने इकडे तिकडे पाहिले. खोलीत पांघरण्याजोगे एकच होते. तिने माझ्या अंगावरची रजई काढली आणि सरांच्या खांद्यांवर घातली.

काम संपले तेव्हा सरांना स्वतःहून उठवत नव्हते. ताईने त्यांना धरून घरी पोचवले. परत येऊन साक्षीचा दिवा लावायचे तिच्या मनातून निघून गेले. सर पुन्हा आले, पुन्हा तसेच झाले. मग तिसऱ्यांदाही. दर वेळी आधीची साक्ष होती, नंतरची नव्हती. आणि दर वेळी उघडा पडलेला मी, रात्र थंड होत गेली तसा, आकसत गेलो.

दिवसा शेजारच्या खोलीत ताईने त्या काचा मोजल्या. दोन्ही खोल्यांमधले दार उघडे असे, त्यामुळे मला सगळे ऐकू येई. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या रात्रींच्या सगळ्या काचांवर रेषा एका जागी होत्या, आणि या तीन काचांवर सरकलेल्या. तारा हलला होता! ती धावत सरांच्या घरी गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वेधशाळेत बातमी पसरली. सर अंथरुणातून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आहे, जोडीदार आहे. पोरीने पकडला!"

चार दिवसांनी लेख लिहिताना ताईने काचा पुन्हा काढल्या आणि तिचा हात थांबला. तीनही काचांवर खालची जागा कोरी होती.

ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ तिने माझ्या रजईकडे पाहिले. त्या रात्री तिने ताऱ्याकडे दुर्बीण वळवलीच नाही. माझी रजई काढून ठेवली, सर आले होते त्या रात्रींसारखेच बाहेरचे दार किलकिले ठेवले आणि फक्त साक्षीचा दिवा लावला. एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. दुसऱ्या दिवशी मोजले. लोखंडाच्या रेषा सरकल्या होत्या. जेवढा तारा सरकला होता, जवळजवळ तेवढ्याच. लोखंड तर खोलीतच होते, मित्रांनो. ते कुठे जाणार?

त्याच वेळी काकू डबा घेऊन आल्या. ताईचा चेहरा पाहून त्यांनी डबा खाली ठेवला.

"काय झालं गं?"

ताईने सांगितले. काकू स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "तारा कुठे पळून जातोय का? मग सावकाश लिही काय ते. त्यांना नको सांगूस, बाळ. इतक्या वर्षांनी माणूस पोटभर जेवतोय."

"काकू, मी रजई काढली. मीच."

"त्यांना थंडी वाजत होती म्हणून काढलीस ना? मग झालं तर."

मला कळेना काय व्हावे. रेषांना दया कळत नाही, पण रेषा मोजणाऱ्यांना कळते, आणि अवघड असते ते तिथेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर स्वतःच आले. चाकांच्या खुर्चीतून, अंगावर इस्त्रीचा सदरा. काकू खुर्ची ढकलत होत्या आणि ताईकडे पाहणे टाळत होत्या.

"दाखव माझी काच," सर म्हणाले.

ताईने ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली. सरांनी डोळा टेकवला. त्या डोळ्याला आता अंधुक पट्ट्यापलीकडे काही दिसत नव्हते, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. तरी त्यांचा चेहरा उजळला.

"वरची साक्ष स्वच्छ आली असेल," ते म्हणाले. मग सवयीने, जसे वर्गात विचारत तसे, त्यांनी विचारले, "आणि खालची? खालचीही जुळतेय ना?"

"हो" एवढाच शब्द पुरला असता. त्यांनी तो खरा मानला असता आणि तोच बरोबर घेऊन ते गेले असते. काकूंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"खालची साक्ष नाही, सर," ताई म्हणाली. "तिन्ही वेळा घ्यायची राहिली. आणि यंत्रावर रजई नव्हती. ती तुमच्या अंगावर होती. मी परवा रात्री नुसता दिवा लावून पाहिलं. रेषा तेवढ्याच सरकतात."

सरांनी डोळा काढला नाही. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मला ऊब मिळाली, आणि ताऱ्याला बायको!"

काकूंना हसू फुटले आणि त्याच्या मागोमाग रडूही. ताई तर रडतच होती.

"रडतेस कशाला? इकडे ये," सर म्हणाले. "तेव्हा ते लोक म्हणाले, तुमचं यंत्र हलतं. आज तूही तेच म्हणालीस. पण त्यांनी नुसतं हसून सांगितलं होतं, आणि तू दिवा लावून पाहिलास. अगं, इतकी वर्षं मी कोणीतरी दिवा लावून बघेल याचीच वाट बघत होतो."

"पण तारा, सर..."

"तारा आहे तिथेच आहे. त्याला जोडीदार असेल, नसेल. आपल्याला अजून माहीत नाही, एवढं लिही. रजईचंही लिही. लाजू नकोस. पुढच्याचे कष्ट वाचतील."

मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ आणायला सांगितली. हातांनी चाचपून त्यांनी रजई माझ्यावर सरळ केली, कडा नीट खोचल्या. झोपलेल्या मुलाच्या खोचतात तशा.

सर त्यानंतर पुन्हा आले नाहीत. हिवाळा सरायच्या आत ते गेले.

पुढे नवे यंत्र आले आणि मी अडगळीत गेलो. रंगाच्या डब्यांच्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी बसलो. कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवी. एकदा नळ फुटला तेव्हा कोणीतरी माझी रजई ओढून लादी पुसायला घेतली. ताई तिथून जात होती म्हणून वाचली. तिने ती स्वतःच्या हाताने धुतली. काकूंनी, नजर अधू झालेली असतानाही, तिला नवी ठिगळे लावली. ताईने सगळ्यांशी भांडून मला या व्हरांड्यात आणले.

नव्या यंत्राचा मला हेवा वाटत नाही. ते हवा काढून घेतलेल्या बंद टाकीत बसते आणि त्याचा साक्षीचा दिवा ताऱ्याबरोबर शेवटपर्यंत जळत असतो. आधीची साक्ष, नंतरची साक्ष आणि मधल्या प्रत्येक क्षणाचीही. माझ्या चुकलेल्या काचांवरून लोक शिकले, असे ताई सांगते तेव्हा माझ्या लोलकाला जरा ऊब येते.

त्या यंत्राने कित्येक वर्षे सरांचा तारा पाहिला. शेवटी उत्तर आले. त्या दिवशी ताईने काकूंना हाताला धरून इथे, माझ्यापाशी आणले. ताईचेही केस आता पांढरे झाले होते.

"काकू, तो तारा हलत नाही. एकटाच आहे."

काकूंनी माझ्या रजईवरून हात फिरवला. सरांच्या विटलेल्या कोटाचा तुकडा त्यांच्या बोटांना बरोबर सापडला. तिथे हात ठेवून त्या म्हणाल्या, "हे असते तर काय म्हणाले असते, सांगू? म्हणाले असते, खालची साक्ष दाखव आधी."

ताईने पिशवीतून कागद काढला आणि काकूंसमोर धरला. त्यांना दिसणार नव्हते, तरी बोट ठेवून एकेक साक्ष वाचून दाखवली. काकूंनी सगळे शेवटपर्यंत ऐकले आणि मान हलवली.

मित्रांनो, माझा लोलक अजून स्वच्छ आहे. त्याला बोट लावू नका. माझी रजई सरकलेली दिसली तर तेवढी नीट करा. आणि एक आठवण ठेवा. मनापासून हवे असलेले उत्तर जेव्हा हाती येईल, आनंदाने धावत सुटावेसे वाटेल, तेव्हा दारातून एकदा मागे फिरा आणि दिवा पुन्हा लावा.