टाकीच्या तळाचं निळं पाणी

माझ्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली होती, पण ती माझ्याकडे येण्यासाठी नव्हती. रस्त्यापलीकडच्या गाळ्यात इंजिनवैद्य बसायचा. हे नाव त्याला लोकांनीच दिलं होतं. मी त्याच्यावर जळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. वीस वर्षं मी गाड्यांखाली आडवा पडलोय, पण माझ्यापुढे कुणी कधी हात जोडले नव्हते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून जुन्या गाड्या कुरकुरत होत्या. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. त्यासाठी न बनवलेल्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि सील त्यानं हळूहळू खराब होतात. ते बदलायचे, एवढाच उपाय. मी तो सांगू लागलो की लोक जांभया द्यायचे.

वैद्य मात्र बॉनेटला कान लावून डोळे मिटायचा. "अरेरे, रडतंय हो बिचारं! दारू पाजलीत तुम्ही त्याला!" मग काचेच्या बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात आपला निळा 'इंजिनार्क' घालायचा आणि खळाखळा हलवायचा. थोड्या वेळात तळाला निळा थर बसायचा. "बघा, विष वेगळं झालं! टाकीत एक बाटली ओता, इंजिन पुन्हा तरुण!" गर्दी माना डोलवायची आणि इकडे माझ्या पोटात दुखायचं.

त्या दिवशी रांगेत माझे सासरेच दिसले. सासूबाईंना डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा ते आपल्या जुन्या गाडीतून लांबच्या रुग्णालयात नेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढची खेप होती.

"बाबा, ही धूळफेक आहे. वाटेत गाडी बंद पडली तर आईंचं काय होईल?"

"जावईबापू, तुमचा जळफळाट कळतो आम्हाला," सासरे म्हणाले. रांगेत हशा पिकला.

कहर म्हणजे माझी बायकोही तिथेच उभी होती. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तीन दिवस शाळा सुटल्यावर ती त्या वैद्याकडे टक लावून बघत होती.

"एवढं काय बघण्यासारखं आहे त्याच्यात?" मी फणकारलो.

"त्याला कोण बघतंय? मी बाटली बघतेय," असं म्हणून ती सरळ पुढे गेली.

तिनं त्याचंच पेट्रोल दुसऱ्या बाटलीत घेतलं, त्यात आपलं प्यायचं पाणी ओतलं आणि हलवलं. तळाला तसाच थर बसला, फक्त निळा नव्हता.

"इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. पुरेसं पाणी मिळालं की ते पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. तुमचा अर्क म्हणजे पाणी आणि निळा रंग."

"पण ताई, विष वेगळं झालंच ना?" वैद्य हसला.

"झालं. मग टाकीतून ते बाहेर कुठून जातं?"

वैद्य घाईघाईनं आपल्या बाटल्या आवरू लागला. मी ओरडलो, "कुठूनच नाही! गाडीतला पंप टाकीच्या तळातूनच ओढतो. इंजिनाला पेट्रोलऐवजी तेच पाणी मिळणार!"

"श्रद्धा असावी लागते..." वैद्य पुटपुटला.

"इंजिनाला पेट्रोल लागतं," बायको म्हणाली. या वेळी हशा त्याच्यावर होता.

सासऱ्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला. "आत्ताच माझा नंबर लागला आणि मी बाटली ओतलीसुद्धा हो. गाडी अजून चालू केली नाहीये."

सगळ्यांनी ढकलत गाडी माझ्याकडे आणली. मी टाकी खालून उघडली, तर आधी निळं पाणीच आलं. टाकी धुतली, ताजं पेट्रोल भरलं, नळ्या आणि सील बदलले. सकाळी सासूबाई वेळेवर रुग्णालयात पोहोचल्या.

परतल्यावर सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला सगळं माहीत होतं. मग तुम्हीच बाटली हलवून का नाही दाखवलीत?"

पाण्याची बाटली माझ्याकडेही होती, पण मी नुसता वैद्याची रांग बघत धुमसत होतो. म्हणून सांगतो, चमत्कारवाल्याचं ऐकून मान डोलवू नका आणि माझ्यासारख्या जळणाऱ्याचंही नुसतं ऐकू नका. बाटली स्वतःच्या हातात घ्या, साधं पाणी ओता आणि काय होतं ते डोळ्यांनी बघा.