आकड्याशेजारची जागा

गाद्या आणि उशा बनवणाऱ्या त्या कंपनीत साहेब दोन होते, सख्खे भाऊ, आणि त्यांची बोलाचाल बंद होती. थोरले कारखाना बघायचे, धाकटे विक्री. दोघांच्या काचेच्या खोल्या समोरासमोर, आणि मधल्या जागेत सूनबाईचं टेबल. सूनबाई म्हणजे थोरल्यांची सून. कंपनीचे हिशेब आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक हे तिचं काम, पण निम्मा दिवस जायचा तो निरोप पोचवण्यात. ‘त्याला सांग, फोम संपत आलाय.’ ‘दादाला सांग, मला माहितेय.’ दोघांची दारं उघडी असायची आणि दोघांना एकमेकांचं सगळं स्वच्छ ऐकू यायचं, तरी निरोप हा जायलाच हवा.

बिनसलं ते मऊ गादीवरून. तीनेक वर्षांपूर्वी धाकट्यांनी हौसेने एक मऊशार गादी काढायला लावली आणि ती किती खपेल याचा असा काही अंदाज बांधला, की गोदाम छतापर्यंत भरलं. गादी काही खपेना. वर्षाच्या सभेत, सगळ्या माणसांसमोर, धाकटे त्याची कारणं सांगायला उभे राहिले आणि थोरले हसले. बोलले काहीच नाहीत, नुसते हसले. धाकटे तसेच खाली बसले आणि तेव्हापासून अबोला सुरू झाला. दोघंही साठी ओलांडलेले, नातवंडांचे आजोबा, पण रुसण्यात शाळेतल्या पोरांना हार जातील तर शपथ.

तेव्हापासून कंपनीत अंदाजही दोन निघू लागले. विक्रीच्या फायलीत उशा एवढ्या, तर कारखान्याच्या फायलीत तेवढ्या. सूनबाई दोन्ही फायली उघडून मधला काहीतरी आकडा धरायची आणि दोघांचीही बोलणी खायची. यंदा मात्र दोघांनी तिला आपापल्या खोलीत बोलावून एकच गोष्ट सांगितली होती: पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक एकमताने झालं नाही, तर वेगळं व्हायचं. कारखाना एकाचा, दुकानं दुसऱ्याची. महिनाअखेरीला वकिलांनाही बोलावलं होतं.

सूनबाईचं तेव्हापासून हिशेबात लक्ष लागत नव्हतं. नवी नवरी होऊन ती या घरात आली, तेव्हा तिला गाडी चालवायला शिकवलं होतं काकांनी, म्हणजे धाकट्यांनी. आणि तिने ती नेऊन फाटकावर घातली तेव्हा ‘माझ्याच हातून लागली’ असं घरभर सांगितलं होतं बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी. आता यातलं एक माणूस आपलं आणि एक परकं, असं कसं करायचं ते तिला समजत नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. अंदाज बांधायला आणि धंद्याचा सगळा हालहवाल एका पडद्यावर बघायला नवं सॉफ्टवेअर घ्यायचं. कारण सरळ होतं, यंत्र आपल्याच बाजूने बोलेल अशी दोघांचीही मनोमन खात्री होती. निवड सूनबाईवर सोपवली गेली. तिने बरीच सॉफ्टवेअर पाहून दोन बाजूला काढली. पहिलं म्हणजे नुसता झगमगाट. कोणत्या दुकानात कोणती गादी किती नफ्यात गेली ते एका बोटासरशी समोर हजर, आणि फोम महागला तर काय होईल याचं उत्तर तर प्रश्न संपायच्या आत. दोघे साहेब एकदम खूश झाले. दुसरं दिसायला साधंसुधं आणि थोडं धिमं होतं. पण त्यात प्रत्येक आकडा कोणी भरला ते दिसायचं, दोघांनी मान्य केल्याशिवाय आकडा पक्का व्हायचा नाही, आणि आकड्याशेजारी शेरा लिहायला एक जागा होती. सूनबाईने हट्टाने ते महिनाभरासाठी फुकट वापरायला मागून घेतलं.

‘मी कागदावर देतो, तू भर,’ थोरले म्हणाले.

‘नाही बाबा. ज्याचा आकडा त्यानेच भरायचा.’

पहिला शेरा धाकट्यांचा पडला. उशांच्या उत्पादनाच्या आकड्याशेजारी त्यांनी लिहिलं, ‘हे कशावरून?’

‘अनुभवावरून,’ थोरल्यांचं उत्तर.

‘कोणाच्या?’

प्रत्येक शेरा दोघा साहेबांच्या मेलवर यायचा आणि सूनबाईच्याही. हा वाचून तिला चहाचा ठसका लागला. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोघंही पडद्यात डोकं खुपसून बसलेले, चेहरे असे गंभीर की जणू देशाचा कारभार चाललाय.

आठवडाभर नुसती खडाजंगी चालली. मग हिवाळ्याच्या विक्रीचा आकडा आला आणि थोरल्यांनी लिहिलं, ‘एवढा कमी का? तेव्हा तू फिरतीवर असतोस ना?’

‘यंदा नाही. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय.’

मग एकच शब्द आला, ‘का?’

‘पाठ.’

‘गादीवाल्याची पाठ धरली? बाहेर बोलू नकोस, गिऱ्हाईक पळेल.’

सूनबाईने समोरच्या काचेतून पाहिलं. काका तोंडावर हात धरून हसत होते. किती दिवसांनी! तिला इतकं बरं वाटलं की उठून दोघांनाही मिठी मारावी. आपण हे वाचू नये असं तिला रोज वाटे, आणि रोज ती वाचे.

‘झोपतोस कशावर?’ थोरल्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

‘आपल्याच गादीवर.’

‘कोणत्या?’

‘मऊ. तीच.’

‘तीन वर्षं? अरे हट्टी माणसा, पाठ धरणार नाही तर काय होईल! आजच कडक पाठवतो.’

आणि खरंच, त्या संध्याकाळी कारखान्याच्या टेम्पोतून काकांच्या घरी कडक गादी गेली. पावतीवर कारण लिहिलं होतं, ‘तपासणीसाठी.’

महिना संपत आला. एकेक आकडा मान्य होत गेला आणि शेवटी एकच राहिला, मऊ गादीचा. थोरल्यांनी त्यात शून्य भरलं होतं. फुकट वापराच्या शेवटच्या दिवशी, घरी निघता निघता, धाकट्यांनी त्या शून्याशेजारी लिहिलं, ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर का हसलास?’

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले सगळ्यांच्या आधी कचेरीत येऊन बसले होते. सूनबाई येताच ते तिच्या टेबलापाशी आले. चष्मा कपाळावर, चेहरा उतरलेला.

‘ते उघडत नाहीये.’

‘मुदत संपली, बाबा.’

‘मग वाढवून घे. मला त्याला उत्तर लिहायचंय. रात्रभर झोप नाही मला.’

एक फोन केला असता तर आठवडाभर मुदत वाढली असती, सॉफ्टवेअरवाल्या माणसाने तसं सांगूनच ठेवलं होतं. सूनबाईने फोन उचलला. समोर काका आपल्या खोलीत येऊन बसले होते आणि उगाचच टेबलावरचे कागद सारखे करत होते. दुपारी वकील येणार होते. बाबा आत गेले आणि एखादा शब्द वाकडा पडला, तर संपलंच सगळं. लिहून मात्र त्यांना नीट जमतं. पण लिहीतच राहिले तर ऐंशीव्या वर्षीही हे दोघं काचेआडून एकमेकांना शेरेच पाठवत बसतील. तिने फोन खाली ठेवला.

‘मी नाही करत फोन,’ ती म्हणाली. ‘काका तिथेच बसलेत, बाबा. जाऊन सांगा.’

‘मी बोलत नाही त्याच्याशी.’

‘मग महिनाभर दुसरं काय करताय?’

थोरल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला वाटलं आता आपली खैर नाही. मग ते वळले आणि समोरच्या दारात जाऊन उभे राहिले.

‘दादा?’ सवयीनेच धाकट्यांच्या तोंडून निघालं.

‘तू विचारलं होतंस.’

‘हं.’

‘तुला नाही रे हसलो.’ थोरले जरा थांबले. ‘तू कागद घेऊन उभा राहिलास ना, तेव्हा तुझे हात थरथरत होते. मला ते बघवेना. वाटलं उठावं, तुझ्या शेजारी जाऊन उभं राहावं. पाय उचलेना आणि तोंडातून ते मेलं हसू निघालं. कुठून आलं कुणास ठाऊक. नंतर रोज वाटायचं, येऊन सांगावं.’

‘मग आला का नाहीस?’

‘सुरुवातीला तू दार लावून घ्यायचास.’

‘वाजवायचंस ना, दादा.’ धाकट्यांनी हातातले कागद खाली ठेवले. ‘मी आतच होतो. मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते.’

‘तुझी लाज? तुझी?’ थोरले खुर्चीत बसले, म्हणजे जवळजवळ कोसळलेच. ‘चुकलं माझं. फार चुकलं.’

धाकट्यांनी आपली खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. बाहेर सूनबाई पडद्याकडे बघत होती आणि तिला पडद्यावरचं एक अक्षर दिसत नव्हतं.

‘वकिलांना मी कळवतो,’ शेवटी धाकटे म्हणाले.

‘मी कळवतो. मी बोलावलं होतं.’

‘मीपण बोलावलं होतं.’

‘थोरला कोण?’

‘बरं बाबा, तू कळव. सूनबाई, अगं आत ये जरा!’

ती डोळे पुसून आत गेली. एकाच खोलीत ते दोघं बसलेले बघायची तिची सवयच मोडली होती. नजर कोणाकडे वळवावी ते तिला सुचेना.

‘ते सॉफ्टवेअरचं काय ठरवलंस?’ धाकट्यांनी विचारलं. ‘पहिलं की दुसरं?’

तिने कारणांची चांगली तयारी केली होती. गोदामातल्या मालाशी जोडणी, महिन्याचा हिशेब लवकर मिळणं, कोणता आकडा कोणी बदलला याची नोंद, सगळं पाठ होतं. ‘दुसरं,’ ती म्हणाली, आणि पुढचं कारण सांगायला तोंड उघडलं तर हुंदकाच फुटला. आवरता आवरेना.

दोघा भावांची पाचावर धारण बसली. धाकट्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, थोरल्यांनी रुमाल. मग धाकटे थोरल्यांकडे झुकले आणि हळूच म्हणाले, ‘दादा, एवढं चांगलं आहे का रे ते?’

‘असणार,’ थोरले म्हणाले. ‘घेऊन टाकू.’