भिंतीला टेकलेला जावई

"वळ," मास्तर म्हणाले.

ती वळली. इतका वेळ ती प्रकाशाकडे पाठ करून, गवतातल्या अंधाराकडे बघत उभी होती; डोळे अंधाराला सरावले होते. उखडलेल्या धावपट्टीवरून प्रकाशाचा पट्टा सरळ गेला होता आणि त्याच्या टोकाला जुनी विटांची भिंत अर्धवट उजळली होती. तिनं भिंत डावीकडून उजवीकडे वाचून काढली, मग खालून वर. गवताचे शेंडे. गिलावा पडल्याचा एक पांढुरका डाग. बाकी सगळं करड्यात करडं.

"नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी नुसतं "हं" केलं. टॉर्च त्यांच्या दोन्ही हातांत होता, मनगटाएवढ्या जाडीचा, पुढे ताटलीसारखा पसरलेला. एरवी एवढ्यावर काम संपायचं. पण त्या दिवशी टॉर्चच्या कंपनीचा माणूस स्वतः आला होता.

"ताईंचं राहू द्या," तो म्हणाला. "तुम्हाला दिसतोय ना, मास्तर?"

"न दिसायला काय झालं?" मास्तर म्हणाले. "भिंतीला टेकून उभाय. डावा खांदा खाली."

"बघा!"

"नाही दिसत," ती पुन्हा म्हणाली.

"डोळे आहेत की भोकं?" मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले. "आईवर गेलीय. तिलाही समोरचं कधी दिसलं नाही."

कंपनीचा माणूस हसला. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती हे त्याला माहीत नसावं, किंवा असावं.

या धावपट्टीवर विमान उतरलेलं तिच्या पिढीतल्या कुणी पाहिलं नव्हतं. डोंगरात, पाण्यात हरवलेल्या माणसांना शोधणारी पथकं जे सामान विकत घेत, ते आधी मास्तरांकडे तपासायला येई. दोर, लोखंडी आकडे, स्ट्रेचर शेडमध्ये तपासत. टॉर्च इथे, दिवस मावळल्यावर. मास्तरांचा धाकटा भाऊ, तिचा काका, जीप घेऊन भिंतीपाशी जाई आणि प्लायवूडचा कापलेला, चिखलाच्या रंगाचा एक माणूस तिथे ठेवी. कधी उभा, कधी आडवा, कधी ठेवीतच नसे. त्याला सगळे जावई म्हणत. येतो, ताठ उभा राहतो, काही करत नाही आणि तरी जपून न्यावं-आणावं लागतं.

जावई कुठे आहे हे फक्त ठेवणाऱ्याला आणि टॉर्च धरणाऱ्याला ठाऊक असे. बघणाऱ्याला सांगायचं नाही. "ज्याला माहीत असतं, त्याला दिसतं," हे मास्तरांचंच वाक्य. शिवाय जो टॉर्च धरतो त्याच्या डोळ्यांवर स्वतःच्याच प्रकाशाचं धुकं येतं, म्हणून बघणाऱ्यानं लांब बाजूला उभं राहायचं, तेही पाठ करून, टॉर्च चांगला तापेपर्यंत. मोठे टॉर्च तापले की स्वतःचा जीव वाचवायला गुपचूप उजेड कमी करतात. जो सतत बघत असतो त्याला ते कळतही नाही. "नव्याचे नऊ दिवस असतात," मास्तर म्हणत, "टॉर्चची नऊ मिनिटं."

ही पद्धत त्यांनीच बसवली होती. तिला या कामावर घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मैदानावर बाबा नाही, मास्तर. ती इतकी मुकाट्यानं हो म्हणाली की घरीसुद्धा हाक मारायचं तिनं सोडून दिलं. नुसतं "जेवण झालंय", "फोन वाजतोय" असं ती भिंतीला सांगितल्यासारखं सांगे.

काका जीप घेऊन परत आला. मागे जावई आडवा होता.

"कसा ठेवला होतास?" मास्तरांनी विचारलं.

"उभा. भिंतीला टेकून. तू सांगितलंस तसाच, दादा."

"डावा खांदा?"

"खालीच. तिथली जमीन उतरतेय ना."

"ऐकलंस?" मास्तर म्हणाले. "एवढा एकच जावई आमच्या नशिबी, आणि तोही हिला दिसत नाही."

या वेळी काकाही हसला, मग तिच्याकडे बघून थांबला.

तिच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. गेलं वर्षभर तिनं ते धार लावून ठेवलं होतं. वर्तमानपत्र वाचताना त्यांना वाटे, छपाई बिघडलीय. पेल्यात पाणी ओतताना ते काठावर बोट ठेवत. बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघत, कारण मधलं त्यांना दिसत नव्हतं, कडेचं थोडंफार दिसत होतं. वर्षभर मैदानावर ते आधी तिला बोलू देत आणि मग "हं" करत. हे सगळं तिनं पाहिलं होतं आणि दयेनं नव्हे, तर जपून वापरायची वस्तू म्हणून बाजूला ठेवलं होतं. परक्या माणसासमोर, भर मैदानात, यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

तिनं स्वेटरची बटणं लावली आणि जीपमध्ये मागे, जावयाशेजारी जाऊन बसली.

घरी आल्यावर मास्तरांनी चपला काढल्या आणि पायानंच त्या भिंतीशी सरळ लावल्या.

"उद्यापासून मैदानावर यायचं नाही."

"नाही येणार."

"दुसरा माणूस शोधतो मी."

"शोधा," ती म्हणाली. "दिसला तर."

त्यांचा हात दाराच्या कडीवर थांबला. ती पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली, आता काय येतंय ते अंगावर घ्यायच्या तयारीनं. ते आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून त्यांचा फोनवरचा आवाज आला, हळू, शब्द न कळण्याइतका. टॉर्च पास झाल्याचं कळवताहेत, हे सांगायला कशाला हवं? तिनं त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि झोपायला गेली.

सकाळी काकानं हाक मारली तेव्हा मास्तर उठले नाहीत. ताट तसंच झाकलेलं होतं.

भेटायला येणाऱ्या बायका तिच्याजवळ बसत, हात हातात घेत आणि विचारत, "शेवटचं काही बोलणं झालं का गं?"

"झालं," ती सांगे. "कामाचं."

एकदा आत्या म्हणाली, "बाप गेलाय, रडून घे." तिनं उठून सगळ्यांना चहा टाकला. साखर विसरली. सगळ्यांनी तसाच प्यायला.

पंधरवड्यानं ती शेडचं कुलूप काढत होती तेव्हा कंपनीच्या माणसाची गाडी आली. काका आत दोराची वेटोळी मोजत होता. गाडीतून शोधपथकाच्या प्रमुख बाईही उतरल्या, उंच, पायात चिखलाचे बूट. त्यांनी काही बोलायच्या आधीच तो माणूस सुरू झाला.

"माणूस गेला म्हणून इतके दिवस गप्प बसलो. पण ही काय रीत झाली? माझ्यासमोर म्हणाले दिसतोय, आणि घरी जाऊन मॅडमना फोन केला, टॉर्च नापास!"

किल्ली कुलपात अडकली होती. तिनं ती हळूच फिरवून काढली.

"दादानं नापास केला?" काका बाहेर येत म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी. मी कारण विचारलं. म्हणाले, आमच्या बघणाऱ्याला दिसला नाही. एवढंच बोलून ठेवून दिला फोन."

"बघणारा कोण? तिथे होतं कोण बघायला?" कंपनीचा माणूस म्हणाला. "ते आणि मी!"

त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं किल्ली ओढणीला पुसली, पुन्हा पुसली.

"मला वाद नको," बाई म्हणाल्या. "येत्या हिवाळ्यात माझी पोरं दरीत उतरणार आहेत. पलीकडच्या कड्यावर माणूस पडलाय की दगड, हे त्यांना अलीकडून कळायला हवं. आज परत बघू. मी स्वतः बघते."

दिवस मावळताना सगळे धावपट्टीवर गेले. बाईंचा ड्रायव्हर जावई घेऊन भिंतीकडे गेला. कसा ठेवायचा हे बाईंनी त्याला सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. टॉर्च काकानं धरला. बटण दाबलं आणि मैदान फाटल्यासारखा उजेड झाला.

"वा!" बाईंच्या तोंडून निघालं.

"बघू नका," ती म्हणाली. "इकडे या. पाठ करा त्याच्याकडे. तापू दे."

बाई येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. दोघी गवताकडे तोंड करून. कंपनीचा माणूस त्यांच्या मागे येरझारा घालू लागला. त्याच्या बुटांखाली खडी करकरत होती.

"मॅडम, तापवून काय बघायचं? हरवलेला माणूस टॉर्च तापायची वाट बघणार आहे का?"

"तुमचा टॉर्च थंड होऊन पुन्हा उजळायची तरी वाट बघेल का?" काका म्हणाला.

"तुम्ही बोलू नका. तुमच्या दादाला दिसत नव्हतं हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. आंधळं दळतंय आणि—"

"पुढचं म्हणू नकोस," काका म्हणाला. प्रकाशाचा पट्टा हलला. "माझा भाऊ जाईपर्यंत सुईत दोरा ओवत होता."

"मग तर फारच उत्तम!" त्याचा आवाज एकदम मऊ झाला. हे त्यानं आधीपासून ठरवून आणलं होतं. "मॅडम, तुम्हीच न्याय करा. मास्तरांना दिसत होतं, तर माझ्यासमोर दिसतोय म्हणाले ते खरं. टॉर्च पास. आणि दिसत नव्हतं, तर आंधळ्या माणसानं फोनवर दिलेलं नापास कुठल्या कामाचं? कसंही घ्या, नापास टिकत नाही. आजची गरजच नाही."

बाई अंधाराकडेच बघत, शेजारच्या तिला हळू आवाजात म्हणाल्या, "उत्तर आहे का याला?"

काकाचा श्वास इथपर्यंत ऐकू येत होता. खडी करकरायची थांबली. समोर गवत होतं, काळं, आणि त्यात तिचे डोळे आता एक एक पातं वेगळं करू लागले होते. वर्षभर धार लावलेलं ते वाक्य अजून तिथेच होतं. तिनं ते उचललं तेव्हा त्याला धार राहिलेली नव्हती.

"त्यांना दिसत नव्हतं," ती म्हणाली.

"पोरी!" काका ओरडला.

"वर्षभर दिसत नव्हतं, काका. तुलाही माहीत होतं. सुईत दोरा मी ओवून ठेवायची."

"ऐकलंत?" कंपनीचा माणूस म्हणाला. "मुलगीच सांगतेय! मग वर्षभरातले सगळे निकाल रद्द करा. दोर, आकडे, सगळं!"

"दोर, आकडे त्यांनी हातांनी तपासले. हात त्यांचे शेवटपर्यंत शाबूत होते," ती म्हणाली. "टॉर्चचे निकाल माझे आहेत."

"तुमचे?"

"इथे उभी मी असायची. नाही म्हणाले ती मी."

"आणि त्यांनी दिसतोय म्हटलं, ते?"

"ते तुम्ही विचारलंत म्हणून." ती अजूनही वळली नव्हती. "परक्या माणसानं तोंडावर विचारल्यावर बाबा दुसरं काय म्हणणार होते?"

बाईंनी मान किंचित तिच्याकडे वळवली. प्रकाशाकडे नाही, तिच्याकडे. "तुम्हाला हे ठाऊक आहे, असं त्यांना ठाऊक होतं?"

दाराच्या कडीवर थांबलेला हात. लोटलेलं दार. मागचा हळू आवाज, ज्यातला एक शब्दही तिनं कान देऊन ऐकला नव्हता.

"त्या संध्याकाळी कळलं त्यांना," ती म्हणाली. "मीच कळवलं, वाईट तऱ्हेनं. त्यानंतर त्यांनी फोन केला."

काकाच्या हातातला पट्टा गवतावर उतरला आणि पुन्हा जाऊन भिंतीवर स्थिरावला. टॉर्च आता चांगला तापला असणार. तापलेल्या धातूचा आणि रबराचा वास वाऱ्यावर येत होता. दोघी पाठ करून उभ्या होत्या आणि आता वळायचा शब्द यायला हवा होता. धरणाऱ्यानं तो द्यायचा असतो. काकानं घसा खाकरला. पुन्हा खाकरला. त्याच्याच्यानं निघेना.

तिनं थोडी वाट पाहिली, मास्तर पाहत तेवढी.

"बाबा," ती गवताकडे बघत म्हणाली, "बघते मी."

आणि मग बाईंना, मोठ्यानं, "वळा."